एप्रिलपर्यंतचे ठिपके

वरची वाडी, ता. मुळशी
१६ जानेवारी २०२५

प्रियंका बाळा,

तू शिकवलंस तसं आधी गाव घातलं, मग तारीख घातली, आता मला मोकळं बोलू दे. फोन केला असता, पण रेंज येती ती पार वळणावरच्या पिंपळाखाली, आन् तितं उभं राहून बोललं की निम्मी वाडी ऐकती. शिवाय तूच सुट्टीत म्हणालीस, आज्जे, एवढी अक्षरं शिकलीस तर लिहीत जा, न्हाईतर परत पुसली जातील. म्हणून सलीम अंडीवाल्याकडं ही चिठ्ठी देती. त्याचा टेम्पो दर शुक्रवारी तुझ्या लवळ्याच्या कँटीनला जातो. भला माणूस हाय. त्याची आई रहिमतबी आन् मी एका खाचरात भात लावलाय.

आता खरी गोष्ट. तुझी मामेबहीण किमया शहाणी झाली.

गेल्या शुक्रवारी सकाळी कोंबड्यांना दाणे टाकत हुती, मला तिच्या झग्यावर डाग दिसला. आधी वाटलं पडली कुटं. मग बघते तर काय, माझं काळीज सुपाएवढं झालं. तेरा वर्षांची पोर. जन्मली तवा किती येळ रडलीच न्हाई. डॉक्टर म्हणला हुता, चालंल का सांगता येत न्हाई, बोलंल का सांगता येत न्हाई. चालली चौथ्या वर्षी. बोलायला अजून तीनच शब्द, 'आज्जे', 'व्हय' आन् 'झालं'. पण ह्या बाबतीत सगळ्या पोरींच्या बरोबरीनं आली बघ. देवानं कुटंतरी तिला पंगतीत बसवलं.

मग मी कशाला गप बसू? पाचवा दिवस नेमका संक्रांतीचा आला. न्हाऊ घातलं, पाच बायका बोलावल्या. मी विधवा, माझ्या हातनं ओटी चालत न्हाई, म्हणून शेजारच्या गंगूबाईनं भरली. हिरवा खण, नारळ, तांदूळ. किमया नारळ मांडीवर घेऊन अशी बसली की हलली न्हाई. गंगूबाईची सून म्हणते, "हिला कळतंय का काय चाललंय ते?" मी म्हणले, "तुझ्या लग्नात तुला कळत हुतं का?" सगळ्या हसल्या, किमया पण हसली.

आन् आणखी एक. तिला कुंकवाचा लाल रंग लई आवडतो. मी तिचं बोट धरलं, कुंकवात बुडवलं आन् भिंतीवरच्या कॅलेंडरावर त्या तारखेला ठिपका लावला. रोज एक. तीन दिवस गेलं, तीन ठिपके पडले. आता येताजाता त्याला बोट लावती आन् म्हणती, "झालं." तू दिवाळीत आणून दिलेल्या कापडी घड्या तिला नीट दाखवल्या. शिकंल.

तिची आई पारू मात्र संध्याकाळी तळ्याकाठच्या रिसॉर्टातनं कामावरनं आली, दारातल्या चपला बघितल्या आन् खांबाला टेकून उभी राहिली. म्हणाली, "आत्या, वाडीला कशाला सांगितलंत?" न जेवता झोपली. दमली आसंल. तितं रोज ढीगभर चादरी धुवाव्या लागत्यात बिचारीला. पोटच्या पोरीची ओटी बघायला सुट्टी घेतली असती तर बरं झालं असतं.

काळी कोंबडी खुडूक बसलीया. बाकी सांगण्यासारखं काय न्हाई.

तुझी आज्जी गोजराबाई

*

लवळे
२४ जानेवारी २०२५

प्रिय आजी,

तुझं पत्र सलीमभाऊंनी अंड्यांच्या ट्रेखाली दडपून आणलं होतं, एक कोपरा पिवळा झालाय. तरी मी ते हॉस्टेलमधल्या सगळ्यांना दाखवलं. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाच्या बारा मुली माझ्या खोलीत बसून तुझं अक्षर बघत होत्या.

किमयाचं वाचून डोळ्यांत पाणी आलं. कॅलेंडरची युक्ती कुणी सांगितली तुला? आमच्या मॅडम वर्गात असंच शिकवतात, की उशिरा समजणाऱ्या मुलींना चित्रानं, रंगानं दाखवा, त्यांचं त्या करतात. तू न शिकता केलंस. ते चालू ठेव. पहिल्या वर्षी तारखा मागंपुढं होतील, घाबरू नकोस.

एक सांगू? मामी दमली नव्हती, घाबरली होती. ज्या पोरीला "नको" हा शब्दच येत नाही, ती मोठी झाली हे आता सगळ्या वाडीला माहीत आहे. तू आनंदानं केलंस, मला कळतं. पण मामीशी बोल. आणि किमयाला चौथा शब्द शिकव. "नको" शिकव.

मी परीक्षा झाली की येते.

तुझी प्रियंका

*

वरची वाडी
१३ फेब्रुवारी २०२५

प्रियंका बाळा,

तुझ्या बारा मैत्रिणींना माझा नमस्कार सांग. अक्षर वाकडं हाय हे मला ठावं हाय, पण आता सही झोकात करती. रेशनच्या दुकानात अंगठ्याचं मशीन पुढं केलं तर मी म्हणले, सही कुटं करू? तो म्हणला, आजी, मशीनला सही कळत न्हाई. असला राग आला.

किमयाला परत आलं. आठ तारखेला. ह्या खेपेला माझ्या आधी तिनंच ओळखलं. घडी हातात घेऊन माझ्यापुढं उभी. मग कुंकू, मग कॅलेंडर, मग "झालं." सलीम अंडी गोळा करायला आला तर त्याची बाही ओढत कॅलेंडरापाशी नेला आन् ठिपका दाखवला. त्या बिचाऱ्याला कुटं बघावं कळंना. "छान हाय ताई, छान हाय," म्हणला आन् दोन अंडी फोडून गेला.

'नको' शिकवायला बसले. मी मीठ पुढं केलं, म्हणले, म्हण नको. तिनं मीठ खाल्लं. मिरची पुढं केली, ती पण खाल्ली, वर डोळ्यांतनं पाणी काढत "व्हय" म्हणाली. मी हसून हसून आडवी. होईल हळूहळू.

पारूचं तू म्हणलीस ते खरं निघालं. बोलले मी तिच्याशी. रिसॉर्टात कुणी नवा कामाला आलाय, त्यानं तिला विचारलं, "तुमची ती पोर मोठी झाली म्हणे." एवढंच. मी म्हणले, माणसं चौकशी करत्यात, त्यात काय. दुसऱ्या दिवशी पारूनं आपल्या दाराला आतनं दुसरी कडी बसवून घेतली.

रविवारी तुझ्या मामाला, जयसिंगला सुट्टी हुती, बावधनहून आला. दोघं नवराबायको पडवीत बसून बोलत हुती. मग मला म्हणला, "आई, हिची पिशवी काढून टाकू. कायमचा ताप जाईल. दर महिन्याचं न्हाई, आन् उद्या कुणी काय केलं तर..." पौडच्या रस्त्याला नवा दवाखाना झालाय, तितला डॉक्टर करतो म्हणं.

आता तू घाबरू नको. पिशवीचं काय एवढं. माझी बत्तीसाव्या वर्षी काढली, गंगूबाईची अठ्ठाविसाव्या. ह्या वाडीत पिशवी असलेली बाई शोधावी लागंल. तुझा आजा म्हणला चल, मी गेले. कुणी काय विचारलं न्हाई, मी पण न्हाई. महिन्यानं परत चिखलात उभी. तवापासनं कंबर धरती आन् अंगातनं वाफा येत्यात, ते येगळं.

तू शिकलेली हायेस म्हणून सांगितलं. काळी कोंबडी नऊ पिल्लं घेऊन फिरतीया.

तुझी आज्जी

*

लवळे
१८ फेब्रुवारी २०२५

आजी,

हे पत्र सावकाश वाच, दोनदा वाच, आणि रविवारी मामाला वाचून दाखव. मी त्याला फोन केला होता. "तू अजून शिकतेस, मोठ्यांचं मोठ्यांना बघू दे," म्हणाला आणि ठेवून दिला.

किमयाला काही आजार नाही. महिन्याला तीन दिवस येतं, ती स्वतःचं स्वतः करते. चांगलं चाललेलं अंग कापायचं कशासाठी? तेराव्या वर्षी पिशवी काढली, आणि बरोबर अंडाशयं काढली तर हाडं लवकर ठिसूळ होतात. तुझी कंबर का दुखते, ते आता मी शिकतेय. आणि ते परत बसवता येत नाही.

मामाला वाटतं यानं ती जपली जाईल. आजी, पिशवी काढली म्हणून कुणाचा हात थांबत नाही. फक्त पोट दिसत नाही. मग कुणी काही केलं तर आपल्याला कळणारसुद्धा नाही, कारण ती सांगणार नाही.

अपंगांच्या कायद्यात लिहिलंय, की माणसाच्या स्वतःच्या समजून दिलेल्या परवानगीवाचून मूल होण्याची शक्ती घालवणारं काही करता येत नाही. आईबापांनाही नाही. तिचं अंग तिचं आहे. तिला विचारलं का कुणी?

रागावून लिहितेय असं वाटेल. घाबरून लिहितेय.

प्रियंका

*

वरची वाडी
२० मार्च २०२५

प्रियंका बाळा,

तुझं पत्र पोचलं. पिठाच्या डब्यात जपून ठेवलंय. उत्तराला उशीर झाला, होळी आली, मग पाहुणे. पुरण पातळ झालं ह्या खेपेला, डाळच नवीन आसंल. किमयानं पाच पोळ्या खाल्ल्या आन् सहाव्या पोळीला मी इचारलं, अजून? तर "व्हय."

कॅलेंडरावर तिसऱ्या पानाला पण तीन ठिपके पडले, नऊ, धा, अकरा. गंगूबाईची नात बघायला आली हुती, तिला पण लावायचा हुता ठिपका, तर किमयानं हात झटकला. बघ, नको म्हणता येत न्हाई पण झटकता येतं.

तू लिहिलंस, तिला विचारलं का. तर विचारलं. आमी परवा दाखवायला गेलो हुतो त्या दवाखान्यात. नुसतं दाखवायला. डॉक्टर चांगला माणूस हाय, पंखा आमच्याकडं वळवला. तिच्याकडं बघून म्हणला, "पोटात दुखतं का गं?" ती "व्हय" म्हणली. "दुखणं काढून टाकू का?" "व्हय." मग मी म्हणले, "चहा घेणार का डॉक्टरच्या हातचा?" तर "व्हय." तो पण हसला. कागदावर लिहून घेतलं.

मला पण काय काय विचारलं, ते मी सांगितलं.

तू उगा जिवाला लावून घेऊ नको. अभ्यास कर. अजून काय ठरलं न्हाई. पारूची झोप जरा सुधारलीया, हे मात्र खरं.

नऊ पिल्लांतली तीन घारीनं नेली.

आज्जी

*

लवळे
२ मे २०२५

आजी,

आज सलीमभाऊ म्हणाले, "आठ-दहा दिवस झाले, किमयाताई अंड्याच्या वेळेला बाहेर येत नाही." मी विचारलं, आजारी आहे का? ते म्हणाले, "मी विचारलं नाही, घरात कुणी बोलत नव्हतं."

मामा फोन उचलत नाही. माझी प्रॅक्टिकलं चौदा तारखेला संपतात, मी लगेच येते. त्याआधी दोन ओळी लिही. दोनच.

प्रियंका

*

वरची वाडी
६ मे २०२५

बाळा,

झालं ते. बावीस एप्रिलला. टाके सुकलेत. जेवती.

तू येऊ नको एवढ्यात. जयसिंग चिडलाय.

आज्जी

*

लवळे
३० जून २०२५

आजी,

मी आले तेव्हा तू अंगणात तांदूळ निवडत बसलीस आणि माझ्याकडं वर बघितलं नाहीस. म्हणून लिहितेय. समोर बसून तुला बोलता येत नाही, कागदावर येतं, हे मला ठाऊक आहे.

मामीनं मला दवाखान्याचं कार्ड दाखवलं. पिशवी काढलीय आणि दोन्ही अंडाशयंही. कारण लिहिलंय, "सहा महिने पंधरा-पंधरा दिवस रक्तस्राव, औषधांचा उपयोग नाही." आजी, जानेवारीच्या दहा तारखेच्या आधी तिला एकदाही आलं नव्हतं. औषध कुठलं दिलं? हे कुणी सांगितलं डॉक्टरांना? त्यांनी न तपासता लिहिलं, तो गुन्हा त्यांचा. पण कुणीतरी सांगितलं असणारच.

आमच्या मॅडम अर्ज करायला तयार आहेत. त्या म्हणतात, अशा आणखी पोरी असतील, एका कागदानं पुढची एखादी वाचेल. पण माझ्या शब्दाला किंमत नाही, मी तिथं नव्हते. पुरावा एकच आहे. तुझ्या भिंतीवरचं कॅलेंडर.

मामा अडचणीत येईल. तो तुझा लेक आहे. म्हणून मी मागत नाही, विचारतेय.

प्रियंका

*

वरची वाडी
१४ ऑगस्ट २०२५

प्रियंका बाळा,

दीड महिना हे पत्र लिहितीया. तीन कागद चुलीत गेले. हा चौथा.

तू विचारलंस कुणी सांगितलं. मी सांगितलं.

दवाखान्याच्या पायरीवर जयसिंग म्हणला हुता, "आई, किती दिवस जातं असं विचारलं तर तीन म्हणू नको. पंधरा म्हण, सहा महिने झाले म्हण. न्हाईतर करणार न्हाईत." मी म्हणले, बरं. लेक सांगतोय, त्याला पोरीची काळजी हाय, एवढंच माझ्या डोक्यात. आत गेले, पंख्याखाली बसले आन् म्हणले, पंधरा. किमया शेजारी बसली हुती. आपलं काय चाललंय म्हणून एकदा माझ्याकडं, एकदा डॉक्टरकडं बघत हुती.

तुझं फेब्रुवारीचं पत्र मी जयसिंगला वाचून दाखवलं न्हाई. डब्यात ठेवलं ते खरं. दोनदा वाचलं ते पण खरं. मला वाटलं, पोर शिकती हाय, पुस्तकातलं लिहिती, आमच्या वाडीतल्या बायकांचं काय वाईट झालं? मग ती माझ्या कंबरेची ओळ वाचली की डबा बंद करायचे.

अजून एक सांगायचं हाय. ऑपरेशनच्या आधी कागद पुढं केला. जयसिंगनं बाप म्हणून सही केली. पारूनं केली. मग तितली बाई म्हणली, "आजी, साक्षीदार म्हणून तुमचा अंगठा." माझ्यातली घमेंड जागी झाली. म्हणले, अंगठा न्हाई, सही येती मला. ती म्हणली, वा आजी. कागद दोन पानांचा हुता, बारीक अक्षर. वाचायला घेतला असता तर अर्धा तास लागला असता, आन् सगळे माझ्याकडं बघत उभे राहिले असते. म्हणून न वाचता झोकात केली. खऱ्या कागदावर केलेली माझी पहिली सही ती. तू हात धरून शिकवलेली.

भूल उतरली तवा किमयानं पट्टीला हात लावला. मी म्हणले, झालं बाळा, झालं. तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी बोललेला शब्द तिचा न्हवताच.

आता पुढचं ऐक, कारण ह्याच्यासाठी लिहितीया.

मे महिन्याच्या सात तारखेला सकाळी ती माझ्यापुढं उभी राहिली, हातात घडी. एप्रिलच्या पानाला सात, आठ, नऊला ठिपके हुते, तिनं नव्या पानावर त्याच आकड्यावर बोट ठेवलं. तिला मोजता येत न्हाई, पण आकड्याचा आकार ओळखती. मी म्हणले, न्हाई बाळा, आता यायचं न्हाई. तिला काय कळणार. दिवसभर घडी घेऊन बसली. सारखी आत जायची, बघायची, परत यायची. संध्याकाळी माझ्या मांडीवर डोकं ठेवून हमसून हमसून रडली. जन्मली तवा रडली न्हाई ती पोर. तिला वाटतंय तिचंच काय तरी चुकलं. भांडी घासून ठेवली, अंगण झाडलं, मी न सांगता. चांगली वागली की येईल असं वाटत आसंल.

दुसऱ्या दिवशी बघते तर तिनं स्वतःच कुंकवाची डबी काढून ठिपका लावला हुता. तीन दिवस तीन. जूनला तसंच, जुलैला तसंच. ह्या नऊ तारखेला ऑगस्टचा तिसरा लावला. पण एक फरक हाय. ठिपका लावती आन् गप उभी राहती. "झालं" म्हणत न्हाई. मे महिन्यापासनं एकदा पण म्हणली न्हाई.

पारूची भीती पण गेली न्हाई. दुपारी दोनला रिसॉर्टातनं गंगूबाईच्या घरी निरोप येतो, किमया कुटं हाय बघा. दाराला दुसरी कडी हाय तशीच हाय.

जयसिंगला अर्जाचं कळलं. रविवारी आला तवा म्हणला, "आई, कॅलेंडर चुलीत घाल. मी तुरुंगात गेलेला चालंल का तुला?" मी म्हणले, न्हाई चालणार. तो म्हणला, मग? त्याच्या डोळ्यांत पाणी हुतं. त्यानं वाईट मनानं केलं न्हाई बाळा. ते पण अर्जात लिहायला येत आसंल तर लिही. मी पण वाईट मनानं ओटी भरवली न्हवती. साऱ्या वाडीला गूळ वाटला मी.

रात्रंदिवस इचार केला. माझा लेक मोठा हाय, त्याला बोलता येतं, वकील करता येतो. तिला तीन शब्द येत हुते, त्यातला एक पण गेला.

कॅलेंडर सोबत देती. खिळ्यावरनं मी काढलं, पावसात भिजू नये म्हणून पारूनंच प्लास्टिकच्या कागदात गुंडाळून सुतळी बांधली.

तुझ्या मॅडमला नीट सांग, न्हाईतर घोळ व्हायचा. जानेवारी ते एप्रिल, चार पानं, बारा ठिपके. ते खरे. दर पानावर तीनच हायेत, पंधरा कुटंच न्हाईत, मोजून घ्या. मे, जून, जुलै, ऑगस्टचे किमयानं मागनं घातलेत, ते धरू नका. डॉक्टरला तीन दिवसांचं पंधरा मी सांगितलं, लेकाच्या सांगण्यावरनं, आन् ते खोटं हुतं. कुणी विचारलं तर येऊन तोंडानं पण सांगीन. हे पत्र लिहून झाल्यावर पहिल्यापासनं वाचलंय, बोट ठेवून, सगळं. मग खाली सही केलीया.

गोजराबाई

कॅलेंडर काढल्यापासनं ती भिंतीवरच्या खिळ्याला बोट लावून उभी हाय. काम झालं की सलीमकडं परत दे. पुढच्या सात तारखेच्या आत मिळालं तर बरं.